दाजींना न दिसणारं दार

साठीला टेकलेला माणूस दिवसभर गेम खेळतो आणि त्याचा पगार घेतो, असं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं की ते आधी हसायचं आणि मग विचारायचं, "कोण हो?" मी म्हणायचो, "आमचे दाजी." दाजींना ओळखणारं गिऱ्हाईक असेल तर त्याचं हसणं तिथेच थांबायचं. "उगाच काहीतरी सांगू नका," असं म्हणून ते आपला मिक्सर उचलून चालू लागायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मी पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतो. दिवसभर बडबडतो, गिऱ्हाइकाशी भांडतो आणि संध्याकाळी कुणाशी भांडलो तेही विसरतो. दाजींचं सगळं याच्या उलट. घरात त्यांचं बोलणं म्हणजे "हो", "नको", "राहू दे", आणि फारच रंगात आले तर "मी बघतो". एकदा मी त्यांच्याकडे अख्खी दुपार बसलो होतो. निघताना ते म्हणाले, "ये पुन्हा." मी स्वयंपाकघरात जाऊन ताईला म्हटलं, "दाजी आज फारच बोलले गं, तब्येत बरी आहे ना त्यांची?" ताई हसली नाही.

नोकरीही त्यांनी स्वभावाला शोभेल अशीच केली. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासणीला होते. एका पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या. दाजी उंच स्टुलावर बसून बघत राहायचे आणि तडा गेलेली बाटली दिसली की मानेला धरून बाजूच्या पेटीत टाकायचे. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. मग कारखान्याने त्या जागी कॅमेरा बसवला. कॅमेराही बोलत नाही, तेव्हा आजूबाजूच्या लोकांना फारसा फरक जाणवला नसेल. दाजी घरी आले आणि खिडकीपाशी बसू लागले.

आता मूळ गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ताई-दाजींना एक मुलगा होता. बुटका, गोल, सतत कुणाच्या तरी पायात येणारा. आम्ही त्याला टिल्लू म्हणायचो. सहा वर्षांचा असताना तो तापात गेला. माझी ताई नर्स. वॉर्डाची मुख्य व्हायचं तर परगावी काही दिवस प्रशिक्षणाला जावं लागायचं. तिचं नाव दरवर्षी मागे पडायचं, ते एकदाचं लागलं आणि ती गेली. इकडे टिल्लूला ताप भरला. पहाटे दाजी त्याला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेले. ताई येऊन पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मेंदूज्वर होता, मान ताठली होती, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर दाजींनी टिल्लूचं नाव घेतलं नाही. नाव नाही, आठवण नाही, काही नाही. कुणी विषय काढला की उठून जायचे. त्यांच्यासमोर नको म्हणून ताईने फोटोसुद्धा कपाटात ठेवून दिला, आणि बढती आली ती नाकारली. वीसेक वर्षं दोघं एका छताखाली अशी राहिली. भांडण नाही, तंटा नाही. तिला बरं नसलं की हे औषध आणून द्यायचे, गरम पाणी करून द्यायचे, आणि पुन्हा खिडकीत.

ताई माझ्यापाशी या विषयावर एकदाच बोलली. म्हणाली, "ते मला दोष देतात रे. नर्स असून पोराच्या वेळी घरात नव्हते मी. आणि कशासाठी, तर बढतीसाठी. एकदा तोंडावर बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तरी मी सुटले असते."

मी म्हटलं, "मी विचारतो त्यांना. आत्ताच्या आत्ता विचारतो."

तिने माझा हात धरला. "खबरदार! आणि ते हो म्हणाले तर? मी काय करू मग?"

तेव्हापासून दाजी माझ्या डोक्यात जायला लागले. खोटं कशाला बोलू? मला त्यांचा रागच यायचा. माझ्या मते तो माणूस दगड होता, आणि माझी बहीण त्या दगडाला जन्मभर डोकं लावून बसली होती.

तर त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायला आली. ती एका छोट्या गेम कंपनीत होती. एकदा जिन्यात दाजींना गाठून म्हणाली, "काका, तुम्ही कधी गेम खेळलायत?" दाजी म्हणाले, "नाही." ती एवढी खूश झाली की जणू लॉटरीच लागली! त्यांना तसाच माणूस हवा होता. कंपनीतली सगळी पोरं लहानपणापासून खेळून तयार झालेली. नवखा माणूस कुठे अडखळतो, कुठे वैतागतो, हे त्यांना कळायचंच नाही. म्हणून एखादा पूर्ण अडाणी खेळाडू आणायचा, त्याला खेळायला बसवायचं आणि काचेमागून बघत राहायचं, अशी त्यांची पद्धत. दाजींना वाटलं, बघत बसायचं काम आहे, जमेल. प्रत्यक्षात बघणार होते ते लोक.

एका बँकेच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत घरासारखा सोफा, समोर मोठा टीव्ही, आणि एका भिंतीला काळी काच. काचेच्या पलीकडे वह्या घेऊन बसलेली मंडळी. पहिल्याच दिवशी त्या मुलीने दाजींना नियम सांगितला. "काका, मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. दार शोधत असाल तर 'दार शोधतोय' म्हणा. कंटाळा आला तर 'कंटाळा आला' म्हणा. आम्हाला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर बिनधास्त द्या. फक्त गप्प बसायचं नाही." आता आमच्या दाजींना हे सांगायचं म्हणजे माशाला सायकल चालवायला सांगण्यासारखं.

पण गंमत बघा. सुरुवातीला ते गप्प बसले की स्पीकरमधून तिचा आवाज यायचा, "बोलत राहा, काका." दाजी नियमाचे पक्के. नियम आहे म्हटल्यावर बोलू लागले. "मी चालतोय. भिंतीला धडकलो. पुन्हा धडकलो. या माणसाला डोळे नाहीत का? डोळे माझेच आहेत. बरं." असलं काहीतरी. काचेमागची पोरं पोट धरून हसायची. हळूहळू दाजींना त्याची चटक लागली. कपाट दिसलं की कारखान्यातल्या कपाटाची गोष्ट, जिना दिसला की लहानपणी पडल्याची गोष्ट. ती मुलगी एकदा पंखा घेऊन माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "काका काय बोलतात हो! आम्हाला तर वेळ कसा जातो कळत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे परक्यांसमोर रेडिओ आणि घरात दगड! मी त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो आणि सगळं ओकलो. ताई भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "खरंच बोलतात तिथे?" मी म्हटलं, "तोंड दुखेपर्यंत." ती पुन्हा भाजी निवडायला लागली, पण चांगली पानं कचऱ्यात आणि देठं भांड्यात टाकत होती.

तो गेम होता एका म्हाताऱ्याचा. म्हातारा आपल्या जुन्या घरी परत येतो. घरभर वस्तू पडलेल्या असतात. एखादी उचलली की तिची आठवण सुरू होते: कुणाशी तरी तुटलेलं बोलणं, न दिलेलं उत्तर, न मागितलेली माफी. आठवणीत शिरून म्हाताऱ्याला तेव्हा न केलेली एखादी गोष्ट करता येते. त्याने झालेलं काही बदलत नाही, फक्त ती खोली उजळते. सगळ्या खोल्या उजळल्या की गेम संपतो. मला विचाराल तर असला रडका गेम पैसे देऊन कोण खेळेल, देव जाणे. पण कंपनीतला मुख्य माणूस, एक चष्मेवाला तरुण, त्याच्यासाठी जीव टाकत होता म्हणे.

दाजी सगळ्या खोल्या उजळायचे. एक सोडून. बोळाच्या टोकाला एक दार होतं, आणि दाजींना ते काही केल्या दिसायचं नाही. बोळात शिरायचे, अर्ध्यातून वळायचे आणि म्हणायचे, "इकडे काही नाही." गेम तिथेच अडायचा. चष्मेवाल्याची झोप उडाली. नवख्या माणसाला जर शेवटचं दारच सापडत नसेल तर गेम बुडालाच. म्हणून त्यांनी दारावर दिवा लावला. दाजी वळले. दिव्याचा उजेड वाढवला. दाजी वळले. बोळात लाल गालिचा घातला, तो थेट दारापर्यंत. दाराची मूठ पिवळीजर्द केली. शेवटी दारापाशी एक मांजर बसवलं आणि ते दाजी आले की ओरडायचं. दाजी म्हणाले, "मांजर ओरडतंय. भूक लागली असेल," आणि वळले. ती मुलगी मला हे सांगताना रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "मोतीबिंदू असेल त्यांना, तपासून घ्या." दारामागे काय आहे ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शेवटी चष्मेवाल्याने ठरवलं की आणखी एक नवखा माणूस आणून त्याला ते दार दिसतं का ते बघू. ती मुलगी ताईला विचारायला आली. ताई नुकतीच निवृत्त झाली होती. दाजी तिथेच होते, लगेच म्हणाले, "नको."

ताई सहसा त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाही. त्या दिवशी गेली. "का नको? तुम्ही तिथे बोलता म्हणे. मला ऐकायचंय."

दाजी खिडकीपाशी जाऊन बसले. दोघांना मी माझ्या गाडीतून नेलं. दुकान बंद ठेवलं त्या दिवशी, आता खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायचं होतं. मला काचेमागे त्या मंडळींबरोबर बसवलं. चहा दिला. सोफ्यावर ताई आणि दाजी, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. खेळायचं ताईने, बोलायचं दोघांनी, आणि दाजींनी तिला वाट दाखवायची नाही, असं ठरलं.

ताईने म्हाताऱ्याला आधी गोल गोल फिरवलं, मग टेबलावर चढवलं. दाजी म्हणाले, "उतरव त्याला." आवाजात चक्क हसू होतं. "डावा अंगठा हळू. हळू गं. तुला सुई टोचता येते आणि हे जमत नाही?" ताईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढं एक वाक्य ऐकून तिचा चेहरा कसा झाला ते मी काचेतून पाहिलं. मी चहाचा घोट घेतला, तो थंड झाला होता.

मग ती बोळात शिरली. लाल गालिचा, झगझगीत दिवा, ओरडणारं मांजर. ताई म्हणाली, "अगं बाई! एवढा उजेड कशाला केलाय इथे? लग्न आहे का कुणाचं?" माझ्या बाजूला चष्मेवाल्याने आनंदाने टाळी वाजवली. दार दिसलं होतं.

ताई जवळ गेली. "चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत," ती म्हणाली. "पोराची उंची मोजलीय."

दाजी म्हणाले, "तिकडे नको."

चष्मेवाला माझ्याकडे वळला. "म्हणजे... काकांना दार दिसत होतं?"

"गप्प बसा हो," मी खेकसलो. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. या शहाण्या लोकांनी आठवडेच्या आठवडे दारावर दिवे लावले होते, आणि तो माणूस पहिल्या दिवशी त्या रेघा बघूनच मागे फिरला होता.

ताईने दार उघडलं. आत एक छोटी पलंगडी, चुरगळलेली चादर, खुंटीवर उलटा टांगलेला स्वेटर, आणि स्टुलावर पाण्याचा पेला. बस, एवढंच. दोघंही काही बोलेनात. आणि त्या मुलीने, तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं, सवयीने माइकचं बटण दाबलं. "बोलत राहा, काका."

दाजी बोलले. ताईकडे न बघता, टीव्हीकडे बघून, बाटल्यांकडे बघत असतील तसे.

"पाण्याचा पेला आहे. त्याने पाणी मागितलं, मी दिलं. मग म्हणाला, आईला फोन करा ना. मी म्हटलं, सकाळी करू. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, आई शिकायला गेलीय, तिला त्रास द्यायचा नाही. फोन उशाशीच होता. नंबर तू लिहून दिला होतास. केला असता तर तू सगळं टाकून पळत आली असतीस. येशील हे माहीत होतं, म्हणून नाही केला. एवढ्या वर्षांनी तुझं नाव लागलं होतं. मला वाटलं, साधा ताप आहे, मी बघतो." आवाज चिरकला होता त्यांचा. "तू फोनवरसुद्धा ओळखलं असतंस. मान वाकवता येतेय का बघा, म्हणाली असतीस. मी नाही बघितली मान. मला माहीतच नव्हतं बघायची असते. हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? सांगितलं असतं तर तू राहिली नसतीस माझ्याकडे. राहायला नकोच होतं."

चष्मेवाल्याने हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. एवढ्यापुरता मी त्याला मानतो.

ताईच्या हातातलं गेम खेळायचं ते यंत्र मांडीवर पडलं होतं. "त्याने मला बोलावलं होतं?" ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघत, "आणि मला वाटत होतं, तुम्ही मला दोष देताय."

"तुला?" दाजी पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "तुला कशाबद्दल?"

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि त्याच क्षणी काच फोडून त्यांना गदागदा हलवावं असंही वाटलं. वीस वर्षं! एका वाक्याचं काम होतं, आणि दोघांनी त्याच्यासाठी वीस वर्षं घालवली.

ताईने मूठ आवळली आणि त्यांच्या दंडावर मारली. लटकं नव्हे, जोर लावून. "फोन करायचा होता हो," ती म्हणाली. पुन्हा मारली. "करायचा होता. मी आले असते. त्याला दिसले तरी असते मी." दाजींनी हात वर केला नाही, अंग चोरलं नाही. ती थांबेपर्यंत बसून राहिले. मुलीने डोळे पुसत मला खूण केली, आपण बाहेर जाऊ. मंडळी एकेक उठून गेली. मी नाही गेलो. माझी बहीण होती ती.

मला वाटलं आता ती उठेल आणि मला हाक मारेल, घरी चल म्हणेल, माझ्या घरी. मी खिशातली किल्लीसुद्धा चाचपली. ताईने पदराने तोंड पुसलं. उठली नाही. मधल्या रिकाम्या जागेवर सरकली आणि म्हणाली, "आणखी काय म्हणाला?"

"अं?"

"त्या रात्री. आणखी काय काय बोलला तो? मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. तुम्ही होतात तिथे. सगळं सांगा."

दाजी आठवू लागले. अडखळत, मध्येच मागे जात. पंखा बंद करा म्हणाला, मग लावा म्हणाला. उद्या शाळेला सुट्टी ना, म्हणून विचारलं. हो म्हटल्यावर हसला.

"हसला?"

"हसला. दात पडला होता ना त्याचा, त्या फटीतून जीभ बाहेर काढली."

ताईने त्यांचं मनगट धरलं. "कुठला दात?"

"खालचा. समोरचा."

"मी निघाले तेव्हा नुसता हलत होता तो," ताई म्हणाली. "पडला? मला कुणी सांगितलंच नाही. रडला का?"

"छे! उड्या मारत होता. म्हणाला, तुम्ही सांगायचं नाही हं आईला. ती आली की मी ओठ मिटून बसणार, आणि मग एकदम दाखवणार."